हेपॅटायटिस सीची दहा प्रथिनं: यकृताच्या पेशीत कुठे बसतात, काय करतात

खाडीकाठ (धागाकर्ता), रत्नागिरी

हेपॅटायटिस सी म्हटलं की आपल्याकडे चर्चा सुरू होते ती रक्त कुठे चढवलं, सुई कुठली वापरली इथून, आणि संपते औषधावर. मधला सगळा खेळ, म्हणजे विषाणू पेशीत उतरल्यावर त्याची प्रथिनं कुठे जाऊन बसतात, तो मराठीत फारसा कोणी मांडत नाही. कोकणातल्या कॉलेजांत जैवतंत्रज्ञान किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन एमएस्सी करणारी मुलं आणि लॅबमधली मंडळी डोळ्यांसमोर ठेवून धागा काढतोय. दहाही प्रथिनांना समान न्याय मिळणार नाही. ज्यांच्यावर सगळं अडतं त्यांना वेळ देऊ, बाकीच्यांना ओझरतं भेटू.

पाया असा. जीनोम म्हणजे सुमारे ९,६०० न्यूक्लिओटाइडांचा एकेरी, धन धाग्याचा आरएनए. पेशीत आला की तोच थेट एमआरएनए म्हणून वाचला जातो. त्याच्या टोकाला कॅप नसते. सुरुवातीच्या ३४१ न्यूक्लिओटाइडांत आयआरईएस नावाची घडी असते आणि ती रायबोसोमचा ४०एस भाग परस्पर पकडते. शेजारीच यकृतातल्या एमआयआर-१२२ या छोट्या आरएनएसाठी दोन जागा आहेत. तो येऊन बसला की आरएनएचं टोक झाकलं जातं आणि पेशीतली एन्झाइमं ते कुरतडू शकत नाहीत. या विषाणूला यकृतच का लागतं, याचं एक मोठं कारण हे.

वाचून निघतं ते एकच लांबलचक पॉलिप्रोटीन, सुमारे ३,००० अमिनो आम्लांचं. क्रम: कोर, ई१, ई२, पी७, एनएस२, एनएस३, एनएस४ए, एनएस४बी, एनएस५ए, एनएस५बी. ई१ आणि ई२ ही विषाणूच्या आवरणाची, आणि एनएस म्हणजे नॉन-स्ट्रक्चरल, कणाच्या बांधणीत नसलेली. दहा प्रथिनं म्हणजे नऊ सांधे. कोरपासून एनएस२पर्यंतचे चार सांधे पेशीचंच सिग्नल पेप्टिडेज तोडतं. एनएस२ आणि एनएस३ यांच्यामधला एक सांधा एनएस२ स्वतः तोडतं. त्यासाठी दोन एनएस२ जोडीने यावे लागतात, कारण कापणाऱ्या जागेचा काही भाग एकाकडे, काही दुसऱ्याकडे. उरलेले चार एनएस३ आणि एनएस४ए मिळून.

ही मंडळी पेशीरसात मोकळी हिंडत नाहीत. कोणी ईआरच्या (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, पेशीतलं पडद्यांचं जाळं) पडद्यात रुतलेलं, कोणी त्यावर आडवं पडलेलं, कोणी चरबीच्या थेंबावर चिकटलेलं. कोण कुठे बसतं ते कळलं की औषध का लागू पडतं, यकृतात चरबी का साठते आणि जेलवर बँड का दिसत नाही, हे तिन्ही प्रश्न बरेचसे सुटतात.

सुरुवात कोरपासून. तयार होतं तेव्हा १९१ अमिनो आम्लांचं, ईआरच्या पडद्यात शेपूट अडकलेलं. सिग्नल पेप्टाइड पेप्टिडेज ती शेपूट पडद्याच्या आतच तोडतं आणि साधारण १७७ अमिनो आम्लांचं पक्व कोर सुटतं. पुढचा अर्धा भाग धनभारित, तो आरएनए धरतो. मागच्या भागात दोन हेलिक्स आहेत, एका अंगाने पाणी मानणाऱ्या, दुसऱ्या अंगाने चरबी. त्या चरबीच्या थेंबावरच्या फॉस्फोलिपिडांच्या एकेरी थरावर आडव्या पडतात. तिथे पोचायला पेशीचं डीजीएटी१ हे एन्झाइम लागतं. डीजीएटी२ही ट्रायग्लिसराइडच बनवतं, पण कोरला त्याचा उपयोग नाही. शेपूट तोडणं अडवलं तर कोर ईआरवरच लटकत राहतं आणि नवा विषाणू बनत नाही.

पुढचं माहीतगारांनी घ्यावं.


वाशिष्ठी, चिपळूण

सर, छान सुरुवात. कोरबद्दल दोन गोष्टी घालते.

पहिली चरबीची. कोर थेंबावर बसलं की थेंबातली चरबी वापरली जाण्याचा वेग मंदावतो. शिवाय एमटीपी या प्रथिनाचं काम कमी होतं, म्हणजे व्हीएलडीएल या चरबी वाहून नेणाऱ्या कणांच्या रूपाने चरबी यकृताबाहेर जायची तीही अडते. साठा वाढतो आणि उचल कमी. जीनोटाइप ३ या विषाणूच्या जनुकीय प्रकारात हे सगळ्यात ठळक. त्याच्या कोरमध्ये १६४व्या जागी टायरोसिनऐवजी फिनाइलअलनिन असतं आणि तेवढ्यानेही पेशीत जास्त चरबी जमते असं प्रयोगांत दिसलंय. भारतात जीनोटाइप ३च सर्वाधिक, म्हणून हा मुद्दा आपल्याला पुस्तकी नाही.

दुसरी गोष्ट मुलं हमखास उलटी समजतात. थेंबांभोवती कोरची जाड कडी दिसली की ‘विषाणू जोरात बनतोय’ असं लिहून मोकळी होतात. जेएफएच१ या लॅबमध्ये वाढवता येणाऱ्या विषाणूत थेंब कोरने गच्च भरलेले दिसतात, पण विषाणू बेताचाच बाहेर पडतो. जेसी१ या संकरित प्रकारात थेंबांवर कोर कमी, ईआरवर जास्त, आणि उत्पादन कितीतरी अधिक. थेंब ही कोर थांबण्याची जागा आहे. उचल जलद असेल तर तिथे गर्दी दिसणारच नाही.


काजूबी, सावंतवाडी

सर, ताई, प्रश्न आहेत.
१. आमच्याकडे फक्त हेपजी२ (यकृताच्या कॅन्सरपासून वाढवलेल्या) पेशी आहेत. त्यांत हे बघता येईल का?
२. कोरचा प्लाझमिड घालून चरबीचे थेंब रंगवले तर थेंब मोठे आणि एकमेकांत मिसळलेले दिसतात. पण नुसत्या व्हेक्टरच्या पेशींतही तसेच दिसतात. काय चुकत असेल?
३. एनएस४बीचा बँड जेलच्या अगदी वर, विहिरीतच अडकतो.


हर्णै_बंदर, दापोली

काजूबी, दुसऱ्याचं उत्तर मी देतो. व्हेक्टरमध्येही तेच दिसतंय म्हणजे गडबड कोरची नाही, डिटर्जंटची किंवा विद्रावकाची. ट्रायटन एक्स-१०० किंवा मिथेनॉल वापरलं असणार. थेंबावरचा पातळ फॉस्फोलिपिडांचा थर त्याने निघून जातो आणि थेंब एकमेकांत शिरतात. सोलकढी चुलीवर उकळली की नारळाचं दूध फाटून तेल वर जमतं, तसंच.

असं करून बघ:

कव्हरस्लिपवर पेशी ५० ते ६० टक्के भरलेल्या असाव्यात. थेंब कमी वाटले तर आदल्या रात्री बीएसएला बांधलेलं ओलेइक ॲसिड १०० ते २०० मायक्रोमोलर घाल, पण मग कंट्रोललाही तेवढंच. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, खोलीच्या तापमानाला १५ ते २० मिनिटं. ॲसिटोन, मिथेनॉल, गरम पाणी काही नको. पीबीएसने तीनदा धुवून ५० मिलिमोलर अमोनियम क्लोराइड १० मिनिटं, म्हणजे उरलेलं फॉर्मल्डिहाइड निकामी होतं आणि मागची चमक कमी होते. मग ०.१ टक्के सॅपोनिन आणि १ टक्का बीएसए, अर्धा तास.

सॅपोनिनची एक खोड आहे. त्याने पाडलेली भोकं ते धुतलं की पुन्हा मिटतात, म्हणून प्रत्येक अँटिबॉडीच्या द्रावणात आणि प्रत्येक धुण्याच्या पाण्यात ते असलंच पाहिजे. बहुतेकांचं इथेच हुकतं. पहिल्या पायरीला घालतात, पुढे विसरतात आणि ‘अँटिबॉडी खराब’ म्हणतात.

दुसरी अँटिबॉडी लाल घे, कारण थेंबांचा रंग बॉडिपी ४९३/५०३ हिरवा आहे. तो अगदी शेवटी, १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, १० मिनिटं. स्लाइड त्याच दिवशी बघ.

आपल्या हवेसाठी एक सूचना. जून ते सप्टेंबर घट्ट होणारं माउंटिंग मीडियम उघड्यावर वाळतच नाही, कव्हरस्लिप सरकते. सिलिका जेलच्या डब्यात रात्रभर ठेव.


खाडीकाठ

पहिल्याचं उत्तर: बघायचंय काय, त्यावर आहे. हेपजी२मध्ये सीडी८१ हे विषाणूला आत शिरायला लागणारं प्रथिन जवळपास नाही, एमआयआर-१२२ही फार कमी. त्यामुळे विषाणू शिरणार नाही आणि आरएनए टिकणारही नाही. पण एकच प्रथिन प्लाझमिडमधून काढून ते कुठे जातं एवढं पाहायचं असेल तर हेपजी२ पुरेशा आहेत. प्रतिकृती बघायची तर ह्यूह-७ किंवा ह्यूह-७.५ या यकृतपेशींची वाढ हवी. ७.५मध्ये आरआयजी-१ या पहारेकऱ्यात बिघाड आहे, म्हणून ती विषाणूला जास्त मानवते.

तिसरं: नमुना ९५ अंशाला उकळला असणार. एनएस४बी पडद्यात अनेकदा आरपार जाणारं प्रथिन आहे, उकळलं की त्याचे गोळे होतात आणि ते जेलमध्ये शिरतच नाहीत. लोडिंग बफरमध्ये ३७ अंशाला अर्धा तास किंवा ५० अंशाला १० मिनिटं ठेव. हेच पी७ आणि ई२लाही. कोर, एनएस३, एनएस५ए मात्र खुशाल उकळ.

वजनं जवळ लिहून ठेव: कोर २१, एनएस२ २३, एनएस३ ७०, एनएस४ए ८, एनएस४बी २७, एनएस५ए ५६ आणि ५८, एनएस५बी सुमारे ६८ किलोडाल्टन. पी७ सातच्या आसपास, त्यासाठी ट्रायसिन जेल आणि ०.२ मायक्रॉनची पीव्हीडीएफ मेम्ब्रेन. ई१ आणि ई२वर साखरेच्या साखळ्या असल्याने बँड जाड आणि पसरट येतात. पीएनगेज एफ देऊन साखळ्या काढल्या की बँड खाली सरकतो आणि नीट होतो.


तारकर्ली, मालवण

माका एक विचारूचा आसा. ॲक्रिलामाइड जेल पावसात घट्टच होत नाय, तासभर पातळ रवता. टेमेड नवीन आणलंय तरी तसाच.


हर्णै_बंदर

टेमेडला दोष देऊ नका, अमोनियम परसल्फेट बघा. ते हवेतली ओल ओढतं आणि बाटलीतच निकामी होतं. चांगल्या पावडरीचा चिमूटभर खडा पाण्यात टाकला तर बारीक चरचर ऐकू येते. ती नसेल तर बाटली बाद. छोट्या कुप्यांत वाटून डेसिकेटरमध्ये ठेवा. १० टक्के द्रावण वापरायच्या दिवशीच करा किंवा उणे २० अंशाला गोठवून ठेवा.


वाशिष्ठी

एनएस३ आणि एनएस४ए मी घेते.

एनएस३ ६३१ अमिनो आम्लांचं. पहिला तृतीयांश भाग सेरिन प्रोटिएज, उरलेला हेलिकेज. प्रोटिएजच्या कापणाऱ्या जागेत हिस्टिडिन ५७, ॲस्पार्टेट ८१, सेरिन १३९ हे त्रिकूट. एकटं असेल तर घडी सैल राहते, कामही अर्धवट. एनएस४ए जेमतेम ५४ अमिनो आम्लांचं, पण त्याचा मधला पट्टा एनएस३च्या घडीत धाग्यासारखा ओवला जातो आणि पुढचं टोक पडद्यात रुततं. प्रोटिएज त्यामुळे घट्टही होतं आणि पडद्याला बांधलंही जातं.

पडद्याला बांधलं जाण्याचा विषाणूला दुहेरी फायदा. स्वतःचं पॉलिप्रोटीन कापायला ते हाताशी राहतं, आणि जवळच्याच पडद्यांवरचं पेशीचं एमएव्हीएस हे प्रथिनही त्याच्या टप्प्यात येतं. आरआयजी-१ला विषाणूचा आरएनए दिसला की तो एमएव्हीएसमार्फत इंटरफेरॉनची घंटा वाजवतो. एनएस३-४ए एमएव्हीएसला ५०८व्या सिस्टिनपाशी कापतं, ते मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यावरून सुटतं आणि निरोप तिथेच थांबतो. हे २००५मध्ये उलगडलं. टीआरआयएफ हे दुसरं प्रथिनही असंच, ३७२व्या सिस्टिनपाशी.

वेस्टर्न ब्लॉटवर (जेलवर वेगळी केलेली प्रथिनं अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी) दाखवायचं असेल तर जपून. एमएव्हीएस ५४० अमिनो आम्लांचं, शेवटची ३२ जातात. बँड थोडासाच खाली येतो. ८ टक्के जेल, लांब रन. अँटिबॉडी शेवटच्या टोकाविरुद्ध असेल तर कापलेला तुकडा दिसणारच नाही आणि प्रथिन ‘नाहीसं झालं’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल. प्रोटिएज-रोधक दिलेल्या पेशी शेजारच्या लेनमध्ये हव्यातच, नाहीतर तो बँड कशाचा हे ठरवता येत नाही.


डॉ. गडनदी, कणकवली

वाशिष्ठीताई, पेशीतलं चित्र मान्य. पण यावरून ‘विषाणू इंटरफेरॉन बंद पाडतो’ असं सरसकट म्हणता येत नाही. जुनाट संसर्गाच्या बऱ्याच रुग्णांच्या यकृतात इंटरफेरॉनने चालू होणारी जनुकं चांगली तापलेली असतात. घंटा बंद असेल तर ती कोण वाजवतं?


वाशिष्ठी

डॉक्टर, शेजारी. संसर्ग यकृताच्या प्रत्येक पेशीत नसतो. बाधित पेशीतला एमएव्हीएस कापला गेला तरी प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक या रोगप्रतिकार पेशींना विषाणूचा आरएनए टीएलआर७ या दुसऱ्या पहारेकऱ्यामार्फत कळतो. त्या मार्गात एमएव्हीएस लागतच नाही, त्यामुळे एनएस३-४एचा तिथे इलाज चालत नाही. इंटरफेरॉन बाहेरून येतं आणि आजूबाजूच्या पेशी तापतात. म्हणून पेशीतला निष्कर्ष पेशीपुरताच लिहावा, हे तुमचं बरोबर. उलट दिशेनेही तेच: प्रोटिएजची औषधं विषाणूची कापाकापी थांबवतात म्हणून लागू पडतात. त्यांच्या यशात एमएव्हीएस वाचल्याचा वाटा किती, हे त्यावरून ठरत नाही.


खाडीकाठ

आता एनएस५ए. माझ्या मते अख्ख्या विषाणूतलं हे सगळ्यात विलक्षण प्रथिन. सुमारे ४४७ अमिनो आम्लं, आणि एन्झाइम म्हणून काम शून्य. ना कापतं, ना जोडतं, ना आरएनए बनवतं. तरीही ते अडवलं की विषाणू कोलमडतो.

रचना बघा. पुढच्या टोकाला एक हेलिक्स, ईआरच्या पडद्यावर आडवी पडलेली. मग डोमेन १, जस्ताचा अणू धरणारा, जोडीने राहणारा. डोमेन २ आणि ३ यांना ठरावीक घडीच नाही, मोकळ्या दोरीसारखे लोंबतात. म्हणूनच ते पुष्कळांना धरू शकतात. डोमेन २ सायक्लोफिलिन ए धरतो, ते प्रतिकृतीला लागतं. डोमेन ३ नवा विषाणू बांधताना लागतो.

मुख्य काम म्हणजे पीआय४केए या पेशीच्या लिपिड कायनेजला ओढून आणणं आणि कामाला लावणं. त्यामुळे पडद्यावर पीआय४पी नावाचं लिपिड साठतं. त्याला धरून ओएसबीपी येतं, पीआय४पी उचलतं आणि बदल्यात कोलेस्टेरॉल टाकतं. एनएस४बी एकमेकांना चिकटून पडद्याला बाक देतं. या सगळ्यातून ईआरभोवती दुहेरी पडद्याच्या पिशव्या तयार होतात, सरासरी १५० नॅनोमीटर व्यासाच्या. चरबीचे थेंब त्यांच्यातच मिसळलेले. या साऱ्या पसाऱ्याला मेम्ब्रेनस वेब म्हणतात. एनएस५ए एकटं दिलं तरी थोड्या पिशव्या होतात, बाकी कोणतंही एकटं ते करत नाही. पण खरं जाळं उभं राहायला एनएस३ ते एनएस५बी सगळे लागतात.

पीआय४केए काढून टाकलं तर काय होतं? एनएस५ए बनतं, पण विखुरलेल्या बारीक ठिपक्यांऐवजी मोठाल्या गुठळ्यांत गोळा होतं, पिशव्या लहान आणि घोळक्यात दिसतात, आणि प्रतिकृती बसते. सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येण्याइतका हा फरक आहे.

पिशवीच्या आत काय? एक ऋण धागा, दोन ते दहा धन धागे आणि एनएस प्रथिनांच्या काहीशे प्रती. गंमत म्हणजे पेशीतल्या एकूण एनएस प्रथिनांपैकी ५ टक्क्यांहूनही कमी प्रत्यक्ष आरएनए बनवण्यात गुंतलेली असतात. त्यामुळे वेस्टर्नवरचा बँड अर्धा झाला म्हणून प्रतिकृती अर्धी झाली असं मुळीच नाही. प्रतिकृती मोजायची तर आरएनए मोजा, प्रथिन नव्हे.

एनएस५बी म्हणजे पॉलिमरेज, ५९१ अमिनो आम्लं, शेवटची २१ पडद्यात रुतलेली. चुका तपासायची सोय नाही. रुग्णाच्या शरीरात रोज १०च्या १२व्या घाताइतके, म्हणजे लाख कोटी कण बनतात, आणि त्यात चुका करणारा पॉलिमरेज. तेव्हा औषधाला न जुमानणारी प्रत कुठेतरी आधीच असते, असं धरूनच चालावं.


काजूबी

एनएस५एचे ५६ आणि ५८ असे दोन बँड लिहिलेत. मला प्लाझमिडमधून एकच मिळतो.


खाडीकाठ

तो ५६चा. दोन्ही फॉस्फेट लागलेलेच प्रकार आहेत, ५८वर जास्त. जास्तीचे फॉस्फेट डोमेन १ आणि २ यांच्यामधल्या सेरिनांच्या झुबक्यावर लागतात, आणि एनएस५ए एकटं असेल तर ते नीट होत नाही. एनएस३पासून एनएस५एपर्यंतचा सलग तुकडा एकाच पॉलिप्रोटीनमधून यायला हवा.

तो असूनही एकच दिसत असेल तर लायसिस बफर बघ. सोडियम फ्लोराइड, सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट नसेल तर पेशीची फॉस्फेटेजं बर्फावरसुद्धा आपलं काम उरकतात. ८ टक्के जेल, ५०चा मार्कर तळाशी येईपर्यंत चालव. शंका असेल तर नमुन्याचा अर्धा भाग लॅम्डा फॉस्फेटेज देऊन शेजारी लाव, पण त्या भागात वरचे रोधक घालू नको, नाहीतर तेही अडेल.


वाशिष्ठी

आणि डाक्लाटास्विर हे एनएस५ए अडवणारं औषध दिलं तरी ५८चा बँड फिका होतो. कॉन१ रेप्लिकॉनमध्ये (रेप्लिकॉन म्हणजे पेशीत स्वतःच्या प्रती काढणारा विषाणूच्या आरएनएचा तुकडा, कॉन१ हा १बी प्रकारचा) एक अजून लक्षात ठेव. मूळ कॉन१ ह्यूह-७मध्ये धड चालत नाही, अनुकूल बदल लागतात, जसा २२०४व्या जागी सेरिनऐवजी आयसोल्यूसिन. असे बदल ५८चं प्रमाण मुळातच कमी करतात. कारण समजून घेण्यासारखं आहे: ह्यूह-७मध्ये पीआय४केए आधीच भरपूर असतं, मूळ कॉन१ त्याला आणखी चेतवतं आणि ते अति होतं. अनुकूल बदल तो जोर आवरतात. जेएफएच१ला यांची गरज पडत नाही.


तारकर्ली

रेप्लिकॉन आमच्यासारख्या साध्या लॅबात करूक मिळता काय? परवानगी लागतली मां?


खाडीकाठ

एनएस३ ते एनएस५बीच्या रेप्लिकॉनमध्ये कोर, ई१, ई२ नसतात, त्यामुळे संसर्ग करणारा कण बनतच नाही. तरी तो पुनःसंयोजित आरएनए आहे, संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी घ्यावीच लागते. जिवंत जेएफएच१ विषाणूचा विषय वेगळा, त्याला सोय आणि प्रशिक्षण दोन्ही हवं.

रेप्लिकॉनच्या पेशी वाढवताना: डीएमईएम, १० टक्के सीरम, नॉन-एसेन्शियल अमिनो ॲसिड्स, जी४१८ (रेप्लिकॉन नसलेल्या पेशी मारणारं प्रतिजैविक) ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. सगळ्यात मोठा घोळ म्हणजे पेशी दाट होऊ देणं. थर पूर्ण भरला की वाढ मंदावते आणि रेप्लिकॉनचा आरएनए व प्रथिनं दोन्ही खाली येतात. शनिवार-रविवार जोडून सुट्टी आली, सोमवारी पेशी गच्च, आणि त्याच दिवशी वेस्टर्न लावलं तर एनएस५ए जवळजवळ नसल्यासारखं. ७० टक्क्यांवर असतानाच काढा. आणि औषधाच्या प्रयोगाआधी जी४१८ थांबवा, नाहीतर रेप्लिकॉन उतरल्यावर पेशी जी४१८ने मरतील आणि तुम्ही ते औषधाचं विष समजाल.


काजूबी

डाक्लाटास्विर किती घ्यायचं? एका ठिकाणी मायक्रोमोलर वाचलं.


वाशिष्ठी

मायक्रोमोलर म्हणजे हजारो पटींनी जास्त. जीनोटाइप १बीच्या रेप्लिकॉनला निम्म्यावर आणायला सुमारे ९ पिकोमोलर पुरतं. प्रयोगाला १ नॅनोमोलर भरपूर झालं. १० मिलिमोलरच्या साठ्यातून: डीएमएसओमध्ये १ः१००, पुन्हा डीएमएसओमध्ये १ः१००, मग मीडियममध्ये १ः१०००. डीएमएसओ शेवटी ०.१ टक्का राहतो. तेवढाच कंट्रोलमध्येही घाल. दर पायरीला टिप बदल. इतक्या कमी मात्रेच्या औषधात टिपेला चिकटलेला थेंबसुद्धा पुढच्या नळीचं गणित बिघडवतो.

आणखी एक. हे औषध नवं जाळं बांधू देत नाही, पण आधीचं उभं जाळं पाडत नाही. म्हणून सहा तासांनी पेशी पाहून ‘काही फरक नाही’ म्हणू नकोस. ४८ ते ७२ तास दे.


डॉ. गडनदी

रुग्णाच्या रक्तात मात्र पहिल्या दिवशीच मोठी घसरण दिसते, ती याच प्रथिनामुळे. एनएस५ए प्रतिकृतीतही आहे आणि कण बांधण्यातही. औषध दोन्ही अडवतं. बाहेर पडणं लगेच थांबतं, आणि रक्तात आधीच असलेले कण झपाट्याने साफ होतात.

२८ जुलै २०१८पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात औषध मोफत आहे. सिरोसिस नसेल तर सोफोसबुविर ४०० मिलिग्रॅम आणि डाक्लाटास्विर ६० मिलिग्रॅम, रोज एकदा, १२ आठवडे. भरपाईच्या अवस्थेतला (कॉम्पेन्सेटेड, म्हणजे यकृत अजून काम भागवतंय असा) सिरोसिस असेल तर डाक्लाटास्विरऐवजी वेल्पाटास्विर १०० मिलिग्रॅम. जोडी का, हे वरच्या चर्चेवरून कळेल: एक एनएस५बीवर, दुसरं एनएस५एवर. एनएस५एमधला ९३व्या जागी टायरोसिनऐवजी हिस्टिडिन हा बदल विषाणूला फारसा जड जात नाही, म्हणून तो औषध थांबल्यावरही वर्षानुवर्षं टिकतो. सोफोसबुविरला दाद न देणारा एनएस५बीमधला २८२चा बदल विषाणूला लंगडा करतो, तो मागे पडतो.

कुठे फसतं: क्षयाचं रिफाम्पिसिन, फिट्सची कार्बामाझेपिन किंवा फेनिटोइन चालू असताना ही औषधं रक्तात टिकत नाहीत. ओमेप्राझोलसारखी आम्लपित्ताची गोळी वेल्पाटास्विरचं शोषण कमी करते आणि आपल्याकडे ती गोळी कोणी औषधात मोजतच नाही, मुद्दाम विचारावं लागतं. ॲमिओडॅरोनबरोबर सोफोसबुविरने नाडी धोकादायक मंद होऊ शकते. आणि सुरू करण्याआधी हेपॅटायटिस बीची एचबीएसएजी चाचणी हवीच, कारण सी गेला की दबलेला बी उसळू शकतो. पोटात पाणी, गोंधळलेपण अशी यकृत निकामी झाल्याची लक्षणं असतील तर एनएस३ प्रोटिएजची औषधं वर्ज्य.


तारकर्ली

डॉक्टरानू, अँटिबॉडी पॉझिटिव्ह आनि व्हायरल लोड ‘नॉट डिटेक्टेड’ असो रिपोर्ट इलो की पेशंट आमच्याशी भांडता. तेका काय सांगूचा?


डॉ. गडनदी

अँटिबॉडीची चाचणी कोर, एनएस३, एनएस४, एनएस५ यांच्या तुकड्यांविरुद्धची आठवण मोजते. विषाणू गेला तरी ती राहते. साधारण ३० टक्के लोकांत तो उपचाराविनाच जातो. आरएनए सापडला तरच संसर्ग चालू आहे. उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए नसेल तर बरा झाला, अँटिबॉडी पुन्हा करू नये. सिरोसिस झालेला असेल तर मात्र बरं झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कॅन्सरचा धोका उरतो.

नमुन्याचं सांगतो. ईडीटीएची नळी घ्या. हेपॅरिनची नको, त्याने पीसीआर अडतं. सहा तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करा. दूर पाठवायचा तर रक्त म्हणून नाही, प्लाझ्मा म्हणून, थंड पेटीत. पावसाळ्यात वीज गेली की फ्रीजर उघडून बघायचा मोह आवरा. एकाच नळीत सगळा प्लाझ्मा ठेवण्यापेक्षा दोन-तीन कुप्या करा, म्हणजे पुन्हा चाचणी लागली तर एकदाच वितळलेला नमुना मिळेल.


हर्णै_बंदर

डिजिटोनिनचं राहून गेलं, तेवढं टाकतो. प्रथिन पडद्याच्या कोणत्या बाजूला आहे हे बघायचं असेल तर सॅपोनिनऐवजी कमी मात्रेत डिजिटोनिन. ते कोलेस्टेरॉल भरपूर असलेला बाहेरचा पडदा भोकसतं, ईआरचा जवळपास शाबूत ठेवतं. मग एनएस३, एनएस५ए, कोर रंगतात, कारण त्यांचं तोंड पेशीरसाकडे. ई१ आणि ई२ रंगत नाहीत, ते ईआरच्या आत. ई२ रंगलं तर डिजिटोनिन जास्त झालं. मात्रा पेशीगणिक बदलते, ५ ते ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी उतरंड बर्फावर लावून आधी ठरवावी. ईआरच्या आतल्या पेशीच्याच एखाद्या प्रथिनाची, म्हणजे पीडीआयची, अँटिबॉडी शेजारी कंट्रोल म्हणून ठेवावी.


काजूबी

कळलं. पी७ आणि एनएस२ विषाणू बांधताना नेमकं काय करतात?


वाशिष्ठी

थोडक्यात: एनएस२ ई१-ई२ला चरबीच्या थेंबाजवळ आणून उभं करतं. पी७ पडद्यात सहा-सात प्रतींचं छिद्र बनवतं आणि बाहेर निघालेल्या कणाभोवती आम्लता वाढू देत नाही, नाहीतर ई१-ई२ वाटेतच बिघडतात. पुढे कण एपोई हे चरबीवाहू कणांवरचं प्रथिन घेऊन लिपोप्रोटीनच्या वेषात बाहेर पडतो. रक्तातल्या विषाणूची घनता इतकी कमी त्यामुळेच. आयोडिक्सॅनॉलच्या ग्रेडियंटमध्ये तळाशी शोधत बसू नकोस, संसर्ग करणारे कण वरच्या हलक्या थरांत असतात.